टायरवर नाव कोरणारा माणूस : हार्वे फायरस्टोन

मनावर (जि. धार) : मान नदीच्या काठच्या या गावातून रोज सिमेंटचे ट्रक जातात, कापसाच्या गाड्या जातात, मक्याच्या ट्रॉल्या जातात. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल आला की प्रत्येक गाडी आपला ठसा सोडून जाते. कुठे वेणीसारखा, कुठे बाणासारखा, कुठे नुसत्या आडव्या पट्ट्यांचा. पंक्चर काढणारा पोरगा ठसा बघून सांगतो, ट्रॅक्टर गेला की ट्रक. बाकीच्यांना ती नुसती नक्षी वाटते.

ती नुसती नक्षी नाही. उंचावरून माळव्यातून निमाडात उतरताना गणपती घाटात किती गाड्यांचा ताबा सुटला, किती घरं उजाड झाली, हे धार जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ब्रेक लागतो चाकाला, पण गाडी थांबते ती टायर रस्त्याला धरून राहिला तरच. टायरने रस्ता धरावा यासाठी ज्यांनी सुरुवातीच्या काळात डोकं लावलं, आणि ते लावताना आपलं नावच टायरवर कोरून टाकलं, त्या हार्वे फायरस्टोन यांची ही गोष्ट. माणूस अमेरिकेचा, पण त्यांच्या कारभाराचा एक धागा मुंबईच्या शिवडीत आला आणि दुसरा थेट याच धार जिल्ह्यात.

शेतकऱ्याचा मुलगा, बग्गीचा विक्रेता

हार्वे सॅम्युएल फायरस्टोन यांचा जन्म २० डिसेंबर १८६८ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबियाना नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकरी घरात. तिघा भावांत ते मधले. हायस्कूलचं शिक्षण गावातच झालं. वडिलांची शेती चांगली होती, जनावरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार होता. भाव कधी पाडायचा, कधी धरायचा, हे हार्वे घरातच शिकले.

पुढे नात्यातल्या माणसाच्या कोलंबस बग्गी कंपनीत ते लागले. तेव्हा मोटार नव्हती, घोड्याची बग्गी होती. चाकं लाकडी, वर लोखंडी धाव. दगडी रस्त्यावरून बग्गी चालली की बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची. डेट्रॉइट शहरात विक्रेते म्हणून काम करताना हार्वे यांनी स्वतःच्या बग्गीला रबरी धावा बसवून घेतल्या. आवाज नाही, हादरा नाही. लोक थांबून बघायला लागले. विकायची वस्तू बग्गी नसून रबर आहे, हे त्यांच्या तिथेच लक्षात आलं.

याच डेट्रॉइटमध्ये त्यांची ओळख हेन्री फोर्ड नावाच्या एका खटपट्या माणसाशी झाली. फोर्ड घरामागच्या शेडमध्ये घोड्याविना चालणारी गाडी बनवत होते आणि त्यांना रबरी टायर हवे होते. फायरस्टोन यांनी ते दिले. त्या छोट्या व्यवहारातून निघालेलं नातं जवळजवळ शंभर वर्षं टिकणार होतं.

१८९६ च्या सुमारास बग्गी कंपनी बुडाली. फायरस्टोन शिकागोला गेले, तिथे रबरी टायरचा छोटा धंदा उभा केला, तो चांगल्या किमतीला विकला आणि हाती भांडवल घेऊन ओहायोत परत आले. ॲक्रन शहर तेव्हा रबराची पेठ बनत होतं. ३ ऑगस्ट १९०० रोजी तिथे फायरस्टोन टायर अँड रबर कंपनी सुरू झाली. सुरुवातीला दुसऱ्यांनी बनवलेला माल आपल्या नावाने विकायचा, एवढंच काम. स्वतःचा कारखाना निघाला तेव्हा कामगार मोजून बारा.

दोन हजार गाड्यांची ऑर्डर

त्या काळात हवेच्या टायरवर पेटंटवाल्यांचं राज्य होतं. चाकाच्या कडेला टायर अडकवण्याची जी चालू पद्धत होती, ती वापरायला परवाना लागे. फायरस्टोन यांना तो मिळाला नाही. परवाना नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा त्यांनी सरळ कडेचा वेगळा टायर बनवला आणि तो घेऊन जुन्या ओळखीच्या फोर्ड यांच्याकडे गेले. १९०६ मध्ये फोर्ड यांनी दोन हजार गाड्यांचे टायर मागवले. टायरच्या धंद्यात तोवर एवढी मोठी ऑर्डर कुणी पाहिली नव्हती. दोन वर्षांनी फोर्ड यांची मॉडेल टी बाजारात आली, मोटार श्रीमंतांच्या अंगणातून बाहेर पडली आणि फायरस्टोन यांची भरभराट सुरू झाली.

पण गाड्या वाढल्या तशी एक अडचणही वाढली. त्या वेळचे बहुतेक टायर गुळगुळीत असत. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर गुळगुळीत रबर चांगलं चिकटतं, आजही शर्यतीच्या गाड्यांना कोरड्यात तसेच टायर लावतात. पाणी पडलं, चिखल झाला, की तेच रबर साबणासारखं सरकतं. लोक मग टायरला साखळ्या गुंडाळत, नाहीतर पोलादी खिळे ठोकलेलं चामड्याचं आवरण चढवत. साखळी खडखडे, रस्ता उकरी, टायरही कापी. दर पावसाला ती चढवायची नि उतरवायची, हा वैताग वेगळाच.

रबरावर कोरलेली अक्षरं

युरोपात १९०४ च्या सुमारास नक्षीचे टायर निघाले होते. ॲक्रनमध्येच फायरस्टोन यांचे शेजारी आणि प्रतिस्पर्धी असलेल्या गुडइयर कंपनीने चौकटी-चौकटींची नक्षी काढली. फायरस्टोन यांनी १९०८ च्या सुमारास जी नक्षी काढली ती मात्र वेगळीच होती. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर त्यांनी तिरकी, ठसठशीत, उठावाची इंग्रजी अक्षरं बसवली. शब्द होते फायरस्टोन आणि नॉन स्किड. म्हणजे कंपनीचं नाव आणि न घसरणारा ही खूण. पूर्ण टायरभर, एकामागून एक, तीच अक्षरं.

बघणाऱ्याला वाटावं, ही जाहिरातबाजी. ती होतीच. धुळीच्या रस्त्यावरून गाडी गेली की मागे अक्षरांचे ठसे राहत. ज्या काळात बहुतेक रस्ते मातीचे होते, त्या काळात प्रत्येक गिऱ्हाईक फुकटात फलक रंगवत हिंडत होतं. फायरस्टोन पक्के विक्रेते होते, त्यांनी ही संधी सोडली नाही.

पण अक्षरांचं काम तेवढंच नव्हतं. अक्षराला कडा असतात. उभी कड, आडवी कड, तिरकी कड. टायर पुढे घसरायला लागला तर आडवी कड माती धरते, बाजूला घसरायला लागला तर उभी कड. अक्षरं तिरकी बसवल्यामुळे चाक कुठल्याही दिशेला सरकू लागलं तरी कुठलीतरी कड आडवी येतेच. दोन अक्षरांमधल्या खोल जागेत चिखल-पाणी शिरतं आणि रबराला खालचा घट्ट रस्ता सापडतो. आजच्या प्रत्येक टायरच्या खाचा हेच काम करतात. पाण्याला पळून जायला वाट नसेल, तर वेगात असलेली गाडी पाण्याच्या पातळ थरावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, उपयोग शून्य.

या अक्षरांत आणखी एक सोय आपोआप आली. टायर झिजत गेला की अक्षरं बुजत जात. नाव वाचता येईनासं झालं की पकडही संपली, हे अडाणी ड्रायव्हरलाही कळावं अशी खूण.

दिसायचं किती, चालायचं किती

टायरची नक्षी ही आज कायद्याच्या दृष्टीनेही मोठी मालमत्ता आहे. प्रत्येक कंपनी आपली नक्षी डिझाइन म्हणून नोंदवते. भारतात डिझाइन कायदा २००० नुसार ही नोंद दहा वर्षं चालते आणि पुढे पाच वर्षं वाढवता येते. गंमत अशी की या नोंदीत संरक्षण मिळतं ते फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला. टायर पाणी किती काढतो, घाटात किती धरतो, याच्याशी या नोंदीचा संबंध नाही. कामाच्या युक्तीसाठी पेटंटचा रस्ता वेगळा. डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत टायरचा वर्ग १२-१५ आहे आणि त्याच वर्गात घसरू न देणाऱ्या साखळ्याही आहेत. शंभर वर्षांपूर्वी ज्या साखळीची जागा नक्षीने घेतली, ती साखळी कागदावर अजून नक्षीच्या शेजारीच बसली आहे.

फायरस्टोन यांच्या टायरवर मात्र रूप आणि काम वेगळं काढताच येत नव्हतं. जे अक्षर नाव सांगत होतं तेच चिखल धरत होतं.

शर्यत, ट्रक आणि शेत

माल चांगला आहे हे सांगून भागत नाही, दाखवावं लागतं, हे फायरस्टोन जाणत होते. १९११ मध्ये इंडियानापोलिस इथे पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या रे हॅरून यांच्या गाडीला फायरस्टोनचे टायर होते. ताशी सरासरी साधारण १२० किलोमीटर वेगाने पावणेसात तास. त्या काळच्या टायरसाठी ही कठोर परीक्षा होती.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात रेल्वेवर ताण आला तेव्हा माल ट्रकने पाठवा, अशी मोहीम त्यांनी चालवली आणि त्याबरोबर चांगल्या रस्त्यांची मागणीही रेटली. यात स्वार्थ होता हे उघड आहे. पण आज मनावरचा शेतकरी कापूस ट्रकमध्ये भरून थेट बाजाराला पाठवतो, त्या व्यवस्थेचा पाया अशाच काळात पडला.

शेतीची ओढ त्यांची शेवटपर्यंत सुटली नाही. तिसाव्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असत. शेतात ठीक, पण रस्त्यावर आणलं की रस्ता फोडत आणि चालवणाऱ्याची कंबरही मोडत. फायरस्टोन यांनी ट्रॅक्टरसाठी हवेचा टायर करून घेतला आणि कोलंबियानातल्या आपल्या वडिलोपार्जित शेतावर तो चालवून बघितला. जाड, तिरक्या पट्ट्यांची ती नक्षी आज निमाडातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर दिसते. त्या पट्ट्यांचं टोक आधी जमिनीला लागेल असाच टायर बसवावा लागतो. तसं केलं की माती बाजूला फेकली जाते आणि खाचा मोकळ्या राहतात. उलटा बसवला तर चिखल खाचांत गच्च भरतो आणि चाक जागच्या जागी फिरतं.

चार मित्र आणि रबराचं झाड

फायरस्टोन, फोर्ड, थॉमस एडिसन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र. १९१५ नंतर काही वर्षं ही मंडळी उन्हाळ्यात गाड्या काढून, तंबू ठोकून रानावनात मुक्काम करायची. बरोबर स्वयंपाकी, नोकरचाकर, वर्तमानपत्रवाले असा लवाजमा असायचा. विश्रांती झाली आणि मोटारप्रवासाची जाहिरातही झाली. फोर्ड-फायरस्टोन मैत्री पुढे सोयरिकीपर्यंत गेली. १९४७ मध्ये फायरस्टोन यांची नात मार्था हिचं लग्न फोर्ड यांचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांच्याशी झालं.

या मित्रांच्या गप्पांत एक काळजी सारखी येई, रबर आणायचं कुठून? रबराचे मळे मलाया-सिलोनकडे, आणि ते बहुतांश इंग्रजांच्या हातात. १९२२ मध्ये इंग्रजांनी रबराच्या निर्यातीवर बंधनं घातली. भाव चढत गेले. एडिसन यांनी अमेरिकेतच उगवणाऱ्या झाडांतून रबर काढण्याचे प्रयोग केले, त्याला फोर्ड आणि फायरस्टोन यांनी पैसा पुरवला. पण फायरस्टोन यांचा खरा डाव दुसरीकडे होता.

१९२६ मध्ये त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाशी करार केला. दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांसाठी, एकरी वर्षाला सहा सेंट भाड्याने. बरोबर त्या देशाला पन्नास लाख डॉलरचं कर्ज, म्हणजे देशाच्या तिजोरीवरही पकड. तिथल्या मळ्याच्या गावाचं नाव हार्बेल. हार्वे आणि त्यांच्या पत्नी आयडाबेल, या दोन नावांची जोड. टायरवर नाव कोरणाऱ्या माणसाने परक्या मुलुखातही नाव कोरलं.

या प्रकरणाची बाजू काळी आहे आणि ती झाकून चालणार नाही. लायबेरियात मजूर जबरदस्तीने पकडून कामाला लावले जातात, अशी ओरड झाली. राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने १९३० मध्ये तिथल्या सरकारवर ठपका ठेवला आणि राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. कंपनी जाणूनबुजून वेठबिगार वापरत होती असं आयोगाने म्हटलं नाही. पण सरकारी माणसांमार्फत मजूर मिळवताना कुणाच्या मर्जीने आणि कुणाच्या जोरावर, हा प्रश्न मळ्याच्या दारातच उभा होता. ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या लोक शेती करत होते ती रबराखाली गेली. ॲक्रनमधल्या गुळगुळीत हिशेबाच्या वहीत या माणसांची नावं कुठल्याच रकान्यात नव्हती.

घरच्या कारखान्यात

फायरस्टोन कामगारांसाठी घरं बांधणारे, त्यांना शेअर विकत घ्यायला लावणारे मालक म्हणून ओळखले जात. पण कामगार संघटना त्यांना नको होती. मंदीच्या काळात कामाचे दर आणि कामाचा वेग यांवरून ॲक्रनमध्ये असंतोष धुमसत होता. जानेवारी १९३६ मध्ये फायरस्टोनच्याच ट्रकच्या टायर विभागातले कामगार यंत्रं बंद करून जागेवर बसून राहिले. बाहेर पडलो तर दुसरे आत घेतले जातील, म्हणून आतच बसायचं. तीन दिवसांत व्यवस्थापनाला बोलणी करावी लागली. बैठ्या संपाचं हे लोण तिथून इतर रबर कारखान्यांत आणि पुढे मोटार कारखान्यांत पसरलं.

दोन वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९३८ रोजी, फ्लोरिडातल्या मायामी बीच इथे फायरस्टोन यांचं निधन झालं. वय ६९. पाच मुलगे, एक मुलगी, जगभर पसरलेली कंपनी. अंत्यसंस्कार मात्र जन्मगावी, कोलंबियानात.

शिवडीपासून पिथमपूरपर्यंत

त्यांच्या पश्चात थोड्याच काळात फायरस्टोनचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला. गिरणगावाच्या शेजारी, मराठी कामगारांच्या वस्तीत. पुढे मालकी बदलली आणि कंपनी बॉम्बे टायर इंटरनॅशनल झाली. याच नावाने १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अबकारी कराचा गाजलेला निकाल लागला. कारखान्यात माल बनवायला आला तेवढ्याच खर्चावर कर, की जाहिरात-विक्रीचा खर्चही किमतीत धरून कर, असा वाद होता. न्यायालयाने किंमत नुसत्या उत्पादन खर्चाशी बांधली नाही. म्हणजे नावाला जी किंमत येते तिच्यावरही कर. आधी टायरवर नाव आणि मग नावावर कर, असा हा प्रवास. पुढे हाच कारखाना मोदीस्टोन झाला आणि अखेर बंद पडला.

मूळ अमेरिकी कंपनी १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनने विकत घेतली. त्याच ब्रिजस्टोनने नव्वदच्या दशकात भारतातला आपला पहिला कारखाना उभारला तो धार जिल्ह्यात, पिथमपूरजवळच्या खेडा इथे. दुसरा नंतर पुण्याजवळ चाकणला. पिथमपूरलाच आता गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. पवारांच्या काळापासून धार-देवासला वसलेल्या मराठी घरांपासून चाकणच्या कामगारापर्यंत, सीमेच्या अल्याड-पल्याड किती चुली या रबरावर पेटतात, ते मोजायला नको.

पण या नावाला मोठा डागही लागला. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनचे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. वेगात असताना टायरचा वरचा नक्षीचा थरच सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या. अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने २७० हून अधिक मृत्यू या टायरांशी जोडले. सर्वाधिक गाड्या फोर्डच्या. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि २००१ मध्ये, १९०६ च्या त्या ऑर्डरपासूनचं नातं तुटलं. नक्षी कितीही नामी असो, खालचा थर धरून नसेल तर ती जीव वाचवत नाही, घेते.

नाव गेलं, खोली राहिली

अक्षरांचा टायर केव्हाच इतिहासजमा झाला. जुन्या मोटारींचे शौकीन तेवढे हौसेने तसे टायर बनवून घेतात. पण त्या अक्षरांतला शब्द भारतात अजून जिवंत आहे, आणि तोही कायद्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या खाचेच्या खोलीला आजही नॉन-स्किड डेप्थ म्हणतात. नियम ९४ सांगतो, दुचाकी-तीनचाकीला ही खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नको, इतर मोटार वाहनांना १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. नव्या कारच्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आलं की टायरची मुदत संपली, मग तो फुगलेला, धडधाकट दिसत असला तरी.

मनावरहून निघालेला ट्रक घाट चढून वर जाताना किंवा भरून खाली उतरताना रस्त्याला टेकतो तो प्रत्येक चाकामागे जेमतेम तळहाताएवढ्या-दोन तळहातांएवढ्या जागेवर. ड्रायव्हरचं, क्लीनरचं आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवरच्या घराचं नशीब तेवढ्या जागेतल्या काही मिलिमीटर खाचांवर असतं. पावसाळ्याआधी गाडीखाली वाकून त्या खाचा बघायला दोन मिनिटं लागतात. त्याला पैसाही लागत नाही.